सारवलेली भिंत

त्या सोमवारी भिंत सकाळपासून हिरवी होती. माझी पाळी आठ ते चारची. दीड वाजता मी जेवायला उठलो, दाराबाहेरच्या खणातून मोबाइल काढला आणि पाहिलं तर शालनचे सतरा फोन येऊन गेलेले. शालन माझी मेहुणी. आम्हाला आत मोबाइल न्यायला बंदी होती. सतरा फोन बघितल्यावर माझ्या हातातला डबा मी तिथेच खाली ठेवला.

मी फोन लावला. पलीकडे आधी नुसता बायकांचा आवाज ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "दाजी, आक्का गेली."

मी विचारलं, कुठे गेली. खरंच विचारलं. मंदा, माझी बायको, शनिवारी वडाळीला बहिणीकडे गेली होती, बुधवारी परतणार होती, त्यामुळे मला आधी वाटलं एस.टी.ने निघाली असेल.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचायला मला दोन तास लागले. मंदाला आत ठेवलं होतं. शालन बाहेर फरशीवर बसली होती. तिथला डॉक्टर तरुण होता, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की झटका मोठा होता, तरी अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. त्याने हे हळू आवाजात सांगितलं, पण शालनने ऐकलं. ती उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली की साडेअकराला आक्काच्या छातीत जळजळ व्हायला लागली, मला वाटलं पित्त आहे, मी ओवा दिला, गरम पाणी दिलं, पाठ चोळत बसले. फोन करायला मी वीस मिनिटं लावली. मी मारलं तिला, दाजी.

मी तिला असं बोलू नकोस म्हणालो.

मी कुठे काम करत होतो ते सांगितलं पाहिजे. मी टेलिफोन खात्यातला माणूस. एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं काढली, मग मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि एका ट्रस्टच्या रुग्णवाहिका सेवेत लागलो. चार जिल्ह्यांत त्यांच्या गाड्या होत्या. कुणीही फोन केला की पुढचं सगळं कॉम्प्युटर करायचा. तो एक प्रोग्राम नव्हता, वीसबावीस होते. एक फोनची नोंद घेणारा, एक जागा शोधणारा, एक जवळची गाडी ठरवणारा, एक ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप धाडणारा. त्यांची खरी नावं इंग्रजीत होती. मी माझ्यापुरती ही मराठी नावं ठेवली होती आणि पुढे सगळी खोली तीच वापरायला लागली.

आमच्या खोलीत समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर प्रत्येक प्रोग्रामचं एक वर्तुळ आणि जो ज्याच्याशी बोलतो त्यांच्यामध्ये रेघ. काम जास्त झालं की रेघ जाड. उत्तर यायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले की रेघ पिवळी, तीस सेकंद झाले की लाल आणि घंटा वाजायची. पाळीवर बसणाऱ्याने भिंतीकडे बघायचं आणि रंग बदलला की इंजिनियरला उठवायचं. एवढंच काम. मला ते पहिल्या दिवशीच समजलं, कारण एक्स्चेंजमध्ये मी आयुष्यभर तेच केलं होतं, फक्त तिथे तारा खऱ्या होत्या.

दहावा, तेरावा वडाळीलाच केला. मुलगी सासरहून आली आणि चौदाव्या दिवशी परत गेली. त्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक बाईला शालन तेच सांगायची. ओवा दिला, पाणी दिलं, वीस मिनिटं घालवली. एकदा तिने फोनमधली वेळ काढून मला दाखवली. अकरा बावन्नला पहिला फोन. बारा दहाला दुसरा. दुसऱ्या वेळी फोनवरची मुलगी म्हणाली होती, ताई, गाडी दिलेली आहे, येतेच आहे. गाडी आली बारा चव्वेचाळीसला.

मी शालनच्या हातातला फोन बघत राहिलो. गाडी उभी असायची ती जागा वडाळीपासून नऊ किलोमीटरवर होती. रस्ता चांगला. पंधरा मिनिटं.

त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली. दुःख होतंच, पण ही निराळी होती. अकरा बावन्नला मी भिंतीसमोर बसलो होतो. बारा दहाला बसलो होतो. बारा चव्वेचाळीसला बसलो होतो. भिंत हिरवी होती. मला एक गोष्ट आठवत होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही. त्या दुपारी निरोप धाडणाऱ्यापासून निघणारी शेवटची रेघ फार बारीक झाली होती. दोऱ्याएवढी. मी ती पाहिली होती. निरोप पोहोचला की ती रेघ जाड होते. मला वाटलं, आज फोन कमी आहेत, लोक बरे आहेत.

मी स्वतःला समजावलं. ड्रायव्हर जेवायला गेला असेल. गाडीचं चाक पंक्चर झालं असेल. प्रत्येक फोनचा पूर्ण प्रवास आमच्याकडे साठवलेला असतो, कुठल्या प्रोग्रामपाशी किती सेकंद गेले ते सगळं दिसतं. तो उघडला की कळणार होतं. मला तो उघडायचा नव्हता.

सोळाव्या दिवशी मी कामावर गेलो. उपासनी मॅडम आमच्या प्रमुख. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं. म्हणाल्या, इतक्यात यायची गरज नव्हती. मग त्यांनी दार लावून घेतलं. चौकशी झाली आहे, असं त्या म्हणाल्या. तुमच्या घरचं माणूस गेलं, तेव्हा तुम्हाला आधी सांगणं माझं कर्तव्य आहे. निरोप धाडण्याचं काम अडलं होतं. त्या दोन तालुक्यांतल्या ड्रायव्हरांचे निरोप बाहेरच्या मोबाइल कंपनीकडे पडून राहिले. त्या सकाळी आणखी दोन गाड्या उशिरा निघाल्या, ती माणसं नशिबाने वाचली. पण आपल्याला ते दिसलं नाही, कारण त्या रेघेची मर्यादा कुणीतरी वाढवून ठेवली होती. दहा सेकंदांची तीन हजार सेकंद. त्यामुळे पिवळं झालं नाही, लाल झालं नाही, घंटा वाजली नाही.

"कुणी वाढवली?" मी विचारलं.

"इरफानने. नोंदीत त्याचं नाव आहे, आणि त्याने कबूल केलंय. आज चार वाजता तो लेखी देणार आहे. ट्रस्टी म्हणतात, कागद पोलिसांकडे द्यायचा."

इरफान तांबोळी आमचा इंजिनियर. चौतिशीचा. मला भिंत वाचायला त्याने शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात मी रेघांना तारा म्हणायचो तेव्हा तो हसायचा आणि म्हणायचा, काका, तारा म्हणा नाहीतर दोऱ्या म्हणा, तुटल्या की मला हाक मारा म्हणजे झालं. तो आमच्या घरी जेवला होता. मंदाच्या हातची शेंगाची चटणी त्याला इतकी आवडायची की ती त्याच्यासाठी वेगळी बरणी भरायची आणि मला म्हणायची, तुम्हाला काय, तुम्ही नुसतं मीठ दिलं तरी खाता.

मी केबिनमधून बाहेर आलो. इरफान कोपऱ्यातल्या मशीनपाशी होता. मी आल्यापासून त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांत एक फोनही नव्हता. आता मला कारण कळलं होतं. मी त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो. आणि मी म्हणालो, "तिने तुला बरणी भरून दिली होती रे."

त्याने मान खाली घातली. "चुकलं काका," एवढंच म्हणाला.

मी आणखीही बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. खोलीतली दोन माणसं उठून बाहेर गेली. तो ऐकून घेत होता. शेवटी मी म्हणालो, तो फोन मला दाखव. मंदाचा.

"नका बघू," तो म्हणाला.

"दाखव."

"काका, मी हात जोडतो. त्यात बघण्यासारखं काही नाही. माझं नाव आहे, मी कबूल केलंय, संपलं."

तो जितका नको म्हणायला लागला तितका मी हट्टाला पेटलो. शेवटी मी माझ्याच जागेवर बसून तारीख आणि वेळ टाकली. अकरा बावन्न. दोनदा चुकीचा आकडा पडला. मग फोन उघडला.

वरपासून खाली पट्ट्या असतात. प्रत्येक प्रोग्रामची एक पट्टी, वेळ लागला तितकी लांब. फोनची नोंद, एक सेकंद. जागा शोधली, दोन सेकंद. गाडी ठरवली, एक सेकंद. निरोप तयार केला, अर्धा सेकंद. या सगळ्या पट्ट्या डाव्या कडेला तांदळाच्या कण्यांसारख्या पडल्या होत्या. आणि त्यांच्या खाली एक पट्टी होती, ती डावीकडून निघून पडद्याच्या उजव्या टोकापर्यंत गेली होती. दोन हजार दोनशे वीस सेकंद. सदतीस मिनिटं. शालन मंदाची पाठ चोळत होती, रस्त्यावर जाऊन बघत होती, तो सगळा वेळ म्हणजे ही पट्टी होती. आणि तिचा रंग हिरवा होता.

मी मर्यादेची नोंद उघडली. त्यात लिहिलं होतं, शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, दहा सेकंदांवरून तीन हजार सेकंद, बदल करणारा इरफान तांबोळी. त्याच्याखाली त्याच संध्याकाळी मर्यादा परत उतरवल्याची ओळ असायला हवी होती. ती नव्हती.

शनिवार. मी ती ओळ पुन्हा वाचली. इरफान शनिवारी नव्हता. त्याच्या मुलीचा अकिका, म्हणजे जावळ काढायचा कार्यक्रम होता, तो शुक्रवारीच परभणीला गेला होता. जाताना सगळ्यांना पेढे देऊन गेला होता.

आता आमच्या खोलीतली एक रीत सांगतो. ट्रस्टी किंवा देणगी देणारे पाहुणे यायचे असले की मॅडम सकाळी सांगायच्या, आज भिंत नीट ठेवा. पाहुण्यांसमोर पिवळं दिसलं की ते प्रश्न विचारायचे. म्हणून दुपारी मर्यादा वाढवून ठेवायच्या आणि पाहुणे गेले की उतरवायच्या. आम्ही त्याला सारवण म्हणायचो. कुणी विचारलं, आज सारवण आहे का, की समजायचं पाहुणे आहेत. ज्याने सारवलं त्यानेच उतरवायचं, हा नियम. मर्यादा बदलायचा अधिकार फक्त इंजिनियरला होता, पण इरफान दर वेळी थोडाच असायचा. त्याने त्याचा पासवर्ड मला देऊन ठेवला होता.

त्या शनिवारी पाहुणे होते. सारवण मी केलं होतं.

मी पन्नास वेळा तरी केलं असेल. दर वेळी उतरवलं होतं. इतक्या वेळा की आपण उतरवलं, असंच माझ्या मनात होतं, शंकासुद्धा आली नाही. आता सगळं आठवलं. साडेतीन वाजले तरी पाहुणे केबिनमध्ये चहा पीत होते. तेवढ्यात मंदाचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. ती स्टँडवर पोहोचली होती आणि चष्मा घरी राहिला होता. मी विचारून लवकर निघालो, घरून चष्मा घेतला, स्टँडवर गेलो. गाडी सुटायच्या बेतात होती. तिने खिडकीतून चष्मा घेतला आणि म्हणाली, किती घामाघूम झालात, मी काय तिकडे पोथी वाचणार होते का. गाडी गेली. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी रविवार, मला सुट्टी. बाकीच्या पाळ्यांवरच्यांनी भिंत हिरवी बघितली आणि ती खरंच हिरवी आहे असं मानलं. सोमवारी मीही तेच मानलं.

इरफान माझ्यामागे येऊन उभा होता. "काका, बसा," तो म्हणाला. मी बसलेलाच होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. मी तर परभणीत होतो. दुसरं कोण असणार?"

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

त्याने माझ्या पडद्यावरची ती नोंद बंद केली. मग म्हणाला, "परभणीहून मीच बदललं म्हणून सांगितलं मी त्यांना. तुम्हाला हे कळावं असं मला वाटत नव्हतं. काकी गेल्या, वर हे. माणूस कसा जगेल?" आणि नंतर म्हणाला, "पासवर्ड तर मीच दिला होता ना. माझी चूक नाही असं कुठे आहे?"

मी थोड्या वेळापूर्वी त्याला जे बोललो होतो ते त्याने सगळं ऐकून घेतलं होतं.

भिंतीवर घड्याळ होतं. अडीच वाजले होते. चार वाजता तो सही करणार होता. मी खरं लिहितो. मी लगेच उठलो नाही. मी तिथे बसून राहिलो आणि मला भीती वाटली. पोलीस येतील. चौकीत बसवतील. वर्तमानपत्रात येईल की नवऱ्याच्या चुकीने बायको गेली. मुलीच्या सासरी कळेल. शालनला कळेल. आणि इरफान स्वतःहून म्हणतोय, तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल. हे सगळं माझ्या मनात आलं. एकदा मी इरफानकडे पाहिलंसुद्धा, तो पुन्हा तसं म्हणतो का म्हणून. तो आपल्या कामाला लागला होता. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात मुलीचा फोटो लावलेला होता, नुकत्याच झालेल्या अकिक्यात केस उतरवल्यावरचा.

मी उठून बाथरूममध्ये गेलो. तोंड धुतलं. पुन्हा खोलीत न जाता सरळ केबिनचं दार ढकललं.

मॅडमना मी उभ्यानेच सांगितलं. शनिवारी सारवण मी केलं, इरफानच्या नावाने केलं, उतरवायचं विसरलो, इरफान गावात नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "डिंगोरे, तुम्ही दुःखात आहात. आत्ता काही बोलू नका. घरी जा."

"मी शुद्धीवर आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कळतंय का, पुढचा प्रश्न काय येईल? मर्यादा वाढवायला कुणी सांगितलं, असा येईल."

तेव्हा मला समजलं की त्या खोलीत घाबरलेला मी एकटा नव्हतो. मी म्हणालो, भिंत नीट ठेवा हे तुम्ही सांगितलंत, तेवढं मी लिहीन. उतरवायचं मी विसरलो, तेही लिहीन. जे झालं ते सगळं लिहीन, त्यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही. त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मला अर्ज लिहायची सवय होती, खात्यात पुष्कळ लिहिले होते. तरी ते पान भरायला पाऊण तास लागला. चार वाजता इरफान आला तेव्हा माझी सही झाली होती. त्याने कागद वाचला आणि खुर्चीवर बसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

पोलीस आठवड्याने आले. मला चौकीवर बोलावलं. मी दोन कपडे पिशवीत घालून गेलो होतो. हवालदार वयस्क होते. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, जबाब घेतला आणि मग विचारलं, मयताच्या नातेवाइकांची काही तक्रार आहे का. मी म्हणालो, नातेवाईक मीच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा विचारलं, त्यांना ते विचारावंच लागत होतं. "तुमची कुणाविरुद्ध तक्रार आहे का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि सही घेतली. पुढे दोन वेळा बोलावलं, नंतर बोलावलं नाही. पिशवी घेऊन मी घरी आलो. कामावर पुन्हा गेलो नाही. मॅडमची बदली झाली. इरफानची नोकरी टिकली. आता तो पुण्याला असतो, ईदला फोन करतो. एकदा त्याने सांगितलं की पाहुण्यांसाठी मर्यादा वाढवणं बंद झालं आहे, कुणी वाढवलीच तर तासाभराने आपोआप उतरते. मी बरं म्हणालो.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मुलीला मी त्याच वर्षी सांगितलं. ती दोन महिने बोलली नाही, मग बोलायला लागली. शालनला सांगायला मी तीन वेळा वडाळीला गेलो. पहिल्या वेळी घरात पाहुणे होते. दुसऱ्या वेळी ती आजारी होती. तिसऱ्या वेळी कुणी नव्हतं, आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. तिने आपणहूनच विषय काढला. म्हणाली, दाजी, तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत, दुसरा कुणी असता तर तोंड बघितलं नसतं माझं. मी वीस मिनिटं घालवली आणि तुम्ही मला माफ केलं. मी तोंड उघडलं होतं. मग तिने चहा करू का विचारलं आणि मी कर म्हणालो.

ती आता साठीची आहे. अजून कुणी आलं की ती वीस मिनिटांचं सांगते. सदतीस मिनिटांचं तिला माहीत नाही. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.